आप्पांच्या छातीतली जुनी तार

विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू आपलं ऐकते आणि विजेवर न चालणाऱ्या वस्तूवर फारसा विश्वास ठेवू नये, या श्रद्धेवर अख्खं आयुष्य सुखात काढलेला मनुष्य मी एकच पाहिला. ते माझ्या वडिलांचे मावसभाऊ. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. शिरूरला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटर उघडायची, आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार बोटांनी वेढा वेढा बसवून मोटर पुन्हा पाण्यावर पाठवायची, हा त्यांचा उद्योग. घोडनदीपासून पार दौंडपर्यंतच्या जळालेल्या मोटरी त्यांच्या दारात येऊन पडत आणि प्रत्येकीकडे ते आधी रागाने पाहत, कारण मोटर कधीच आपणहून जळत नाही, मालक ती जाळतो, असं त्यांचं मत होतं.

माणसांविषयी त्यांना एकंदर कुतूहल कमी. लग्नाला गेले तर नवरा-नवरीकडे पाठ करून मांडववाल्याने वायर कुठून ओढली आहे ते पाहत उभे राहत. माझे वडील चिडले की "ह्याचा एक फेज गेलाय, बोलू नका थोडा वेळ," असं शांतपणे जाहीर करत. मी एम.एस्सी.ला पहिली आले तेव्हा पेढे घ्यायला म्हणून आले, उंबऱ्यातच थबकले, फ्रिजच्या मागे पालथे झोपले आणि तासाभराने कपडे झटकत निघताना म्हणाले, "पैली आली म्हणं. लई झ्याक. त्या फ्रिजला भिंतीपासनं जरा लांब ठेवा." माझ्या शिक्षणाचा एवढा नेटका सत्कार पुढे कोणी केला नाही. घरातल्या वायरिंगबाबत तर त्यांचा एक नियम धर्मासारखा होता: वापरात नसलेली तार भिंतीत ठेवायची नाही. एका मास्तरांच्या नव्याकोऱ्या बंगल्याचा गिलावा त्यांनी अशा एका तारेसाठी फोडायला लावला होता. मास्तर म्हणाले, "अहो आप्पा, तिच्यात करंट नाही, राहू द्या की!" त्यावर आप्पा म्हणाले, "आज न्हाई. उद्याचं कुणी सांगावं? मेलेल्या तारेचा भरवसा न्हाई."

अशा माणसाच्या छातीत पेसमेकर बसला, हा मला नियतीपेक्षा संभाव्यतेच्या गणिताचा विनोद वाटतो. हृदयाचे ठोके मध्येच गळू लागले होते, म्हणून डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत ती चपटी डबी आणि तिथून हृदयापर्यंत तार. इतर लोक असल्या गोष्टी झाकून ठेवतात. आप्पा सदऱ्याची वरची बटणं काढून गिऱ्हाइकांना दाखवत. ते त्याला 'ऑटो' म्हणत. आमच्याकडे रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू करणारी एक पेटी असते, तिला ऑटोस्विच म्हणतात. "काळीज चालू असलं तर ह्यो गप ऱ्हातो. थांबलं की ह्यो चालू करतो. दुसरं काय न्हाई." मी भौतिकशास्त्र शिकले, आता वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात नोकरी करते, आणि डिमांड पेसिंगचं, म्हणजे गरज पडेल तेव्हाच ठोका देण्याचं, याहून अचूक वर्णन मला अजून कुठे आढळलेलं नाही. काही वर्षांनी बॅटरी उतरली. डबी बदलली, एक तार बिघडली होती म्हणून नवी तारही घातली. आप्पांनी जुनी डबी परत मागितली. "जुना माल गिऱ्हाइकाला द्यायचा असतो," हे त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना ऐकवलं. त्यांनी ती दिली नाही, याचा आप्पांनी पुष्कळ दिवस राग धरला. जुनी तार कुठे आहे, हे मात्र त्या गडबडीत कोणी विचारलं नाही.

मग बोटं ढिली पडू लागली. प्रथम बटण लागेना. त्यानंतर बारीक तार चिमटीतून निसटू लागली. आप्पांनी दोष तारेला दिला. "हल्ली तांबंच बुळबुळीत येतंय." काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा आप्पांच्या हातातून पडलेला चहाचा कप उचलता उचलता विचारलं, "आन् ह्या कपातबी तांबं हाय का वो?" तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे गेले; काकू आणि मी सोबत होतो. डॉक्टरांनी मान तपासली आणि स्पष्ट सांगितलं: मानेत मज्जारज्जूवर दाब येत असावा, एम.आर.आय. केल्याशिवाय खात्री होणार नाही, खात्री झाल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत आणि हे लवकर व्हायला हवं, कारण बोटांतून गेलेली ताकद परत येईलच असं नाही. बोटं गेली तर आप्पांचं काय उरतं, हे काकूंना आणि मला त्याच क्षणी कळलं. आप्पांना कळलं असावं. ते डॉक्टरांच्या पंख्याकडे पाहत होते.

शिरूरच्या स्कॅन सेंटरने 'पेसमेकर' हा शब्द ऐकताच हात जोडले. आत मोठं चुंबक असतं, जमणार नाही. आप्पा मुकाट घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा मला फोन आला.

"अगं, ह्ये बघ की काय करून बसल्यात! छातीला स्पीकरचं चुंबक लावलंय!"

जुन्या लाउडस्पीकरचं ते चुंबक दुकानात सांडलेले स्क्रू गोळा करायला असे. मी ओरडले, "आप्पा, आधी ते काढा!"

"काढलं काढलं. पर आईक तर. चुंबक लावलं की नाडी एकदम सरळ, घड्याळावानी. म्हंजी ऑटो बायपास झाला, मोटर डायरेक्ट चालली. मंग त्यांच्या चुंबकाला कशाला भ्यायचं?"

संतापाच्या भरातही मला मान्य करावं लागलं की निरीक्षण बिनचूक होतं आणि निष्कर्ष साफ चुकीचा. मी त्यांना समजावलं की त्या यंत्रात नुसतं चुंबक नसतं, रेडिओ लहरीही असतात आणि त्या लहरींमुळे हृदयात टेकलेलं तारेचं टोक तापू शकतं. मग आप्पा म्हणाले, "हां. तापणाऱ्या तारेशी खेळायचं न्हाई." चुंबक पुन्हा स्क्रूंच्या सेवेत रुजू झालं.

त्यांची नवी डबी मात्र एम.आर.आय.ला चालणाऱ्या जातीची आहे, हे त्यांच्या ओळखपत्रावरच छापलेलं होतं. मी दौंडच्या सेंटरला फोन केला, त्यांनी तारीख दिली आणि आम्ही तिघं न्हावऱ्यावरून गाडीने निघालो. आप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात होते. बटणं काकूंनी लावली होती. वाटेत त्यांनी वीजचोरीसाठी खांबावर टाकलेल्या कोणाच्याही आकड्याला नावं ठेवली नाहीत, यावरून त्यांची भीती मी मापली. दौंडच्या तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे आधी छातीचा एक्स-रे काढला आणि तो उजेडावर धरून बराच वेळ पाहिला.

"आप्पा, ही दुसरी तार कुठं जाते?"

"कुटली दुसरी?"

"ही बघा. एक डबीला जोडलेली हाय. ही दुसरी नुसतीच हाय. हिचं वरचं टोक मोकळं."

जुनी तार. हृदयाला चिकटलेली तार ओढून काढण्यात धोका असतो म्हणून डॉक्टर ती पुष्कळदा टोक बंद करून तिथेच ठेवतात. आप्पांच्याही डॉक्टरांनी तेच केलं होतं, आणि ते योग्यच होतं. पण डबी कितीही नवी असो, जुनी तार आत असली की परवानगी बाद होते. तंत्रज्ञाने दिलगिरी व्यक्त केली. आप्पा एक्स-रेसमोर उभे होते, गिलावा फोडायला लावणारे आप्पा.

"मेलेली तार," ते म्हणाले. "आन् ठिवली कुठं, तर माझ्याच भिंतीत!"

काकूंना हसू फुटलं, मलाही. हसता हसता काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतरचा काळ मला आठवावासा वाटत नाही. अशा रुग्णांचं स्कॅन करणारी ठिकाणं आहेत, हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी हृदयाचे डॉक्टर, पेसमेकरचं सेटिंग बदलणारा माणूस आणि रेडिओलॉजिस्ट एका वेळी एका खोलीत हजर हवेत. एकाची तारीख मिळे तेव्हा दुसरा परगावी. एक म्हणे आधी त्यांचं लेखी आणा, ते म्हणत आधी यांचं. मी विश्लेषण करायची सवय असलेली मुलगी. चूक कोणाची हे मी अनेकदा शोधलं. प्रत्येकाने आपापल्या जागी सावध राहून बरोबरच केलं होतं. बेरीज तेवढी चुकली. पहिला नकार मिळाला तेव्हा शेतांत बाजरी पेरायची होती. पुण्याच्या इस्पितळाने होकार दिला तेव्हा उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या होत्या. मधल्या काळात आप्पांना पेन धरता येईनासं झालं.

स्कॅनला मी काचेच्या अलीकडे उभी होते. पेसमेकरचं सेटिंग बदललं, बोटाला नाडीची क्लिप लावली, डॉक्टर पडद्यावरून नजर हलवत नव्हते. काही झालं नाही. बाहेर आल्यावर आप्पांनी तंत्रज्ञाला जवळ बोलावलं. "साहेब, बेरिंग गेलंय तुमचं. केवढा आवाज!"

"त्यात बेअरिंग नसतं आप्पा," मी म्हणाले. "कॉइल थरथरतात, त्यांचा आवाज येतो."

"मंग वार्निश कमी पडलंय. वार्निश नीट मुरलं तर कॉइल हलत न्हाई."

डॉक्टर हसले. त्या खोलीत त्या दिवशी आप्पांइतका निर्धास्त कोणीच नव्हता.

दाब मोठा होता. ऑपरेशन चांगलं झालं. चाल सुधारली, मानेची कळ गेली. बोटांविषयी सर्जन म्हणाले, "थोडं आधी आला असता तर..." आणि वाक्य त्यांनी सभ्यपणे अर्धंच सोडलं. आप्पांनी ते पूर्ण करायला सांगितलं नाही. ज्या माणसाने कुठल्याही यंत्राचा कुठलाही प्रश्न मध्येच सोडला नव्हता, त्याने हा एक सोडला.

मागच्या महिन्यात मी शिरूरला गेले होते. दुकान उघडं होतं. दारात आप्पा खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, बोटं अर्धवट मिटलेली. इतक्यात एका शेतकऱ्याने टेम्पोतून मोटर आणली. "आप्पा, जळाली बगा."

"जळाली न्हाई, जाळली," आप्पा सवयीने म्हणाले. मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे मान वळवली. "तिकडं न्या, पाटील. त्याचा हात चांगला हाय."

त्या पलीकडच्या दुकानदाराला त्यांनी आयुष्यभर 'तार गुंडाळणारा' याखेरीज दुसरी पदवी दिली नव्हती. मी काकूंकडे पाहिलं. त्या आत वळल्या. शेतकरी मोटर पुन्हा टेम्पोत चढवू लागला तेव्हा आप्पांनी त्याला थांबवलं.

"घाई हाय का?"

"न्हाई, बाजार करून येतो म्हनलं."

"मंग ऱ्हाऊ द्या ना हितं. जाताना न्या तिकडं."

शेतकऱ्याला काही कळलं नाही, पण आप्पांचा शब्द म्हणून त्याने मोटर खुर्चीशेजारी उतरवली आणि तो बाजारात गेला. आप्पांनी खुर्ची जराशी मोटरीकडे सरकवून घेतली. दुपारभर दोघं तिथे बसून होती.