डोंगरापलीकडे जाणारं खोकं

न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चजवळच्या तळ्याकाठी एक माओरी बाई वाम मासे सुकवतात. सगळे त्यांना आन्टी म्हणतात, म्हणून मीही. बोलताना त्यांची सुरी थांबत नाही. एकदा मी घाबरतच त्यांना कॉलेजचा निबंध वाचून दाखवला. "पूर्वी माओरी लोक इथले सुकवलेले वाम डोंगरापलीकडे पाठवत, बदल्यात तिकडून दागिन्यांचा हिरवा दगड येई. गोऱ्यांनी तळ्याचं पाणी काढून शेतं केली आणि देवाणघेवाण संपली."

सुरी थांबली. "संपली? मग हे वामांचं खोकं कुणाला? डोंगरापलीकडे माझी बहीण आहे. तीही तिकडचं काही ना काही पाठवते. तू काय आणलंस?"

मी वहीच नेली होती. ओशाळलो.

पुढच्या शनिवारी आईने पाठवलेलं मेतकूट नेलं. आन्टींनी हुंगलं, "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास, असं म्हणाल्या आणि निम्मं बहिणीच्या खोक्यात भरलं.

निबंध सोमवारी द्यायचा होता. खोकं डोंगरापलीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढवलं, 'संपली' खोडलं आणि शेवट नव्याने लिहायला बसलो.