हमरिया यार्डातली दोन मिनिटं

फौजेत चोवीस वर्षं काढून मी सुभेदार म्हणून बाहेर पडलो. त्यानंतरचं पोस्टिंग मिळालं शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका यार्डात. हुद्दा सेफ्टी आणि सिक्युरिटी सुपरवायझर. राहायला दुबईच्या अल मनखूलमध्ये, कारण बायको, सुनीता, तिथल्या शाळेत शिकवते आणि घर तिच्या नोकरीवर मिळालंय. कंपनीची बस सकाळी ०५१० ला. मी ०५०० ला स्टॉपवर. पाच वर्षांत ती बस एकदाही लवकर आलेली नाही. मुलगी म्हणते, "बाबा, नोबडी इज वॉचिंग."

यार्डाचे मॅनेजर होते कॉलिन साहेब, ब्रिटिश आर्मीतले रिटायर्ड मेजर. दारावर आपटले तर दाराला सॉरी म्हणायचे. एकदा क्रेनच्या हुकलाही म्हणाले. "नॉट टू बॅड" म्हणजे उत्तम. "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणजे हा मूर्खपणा ताबडतोब थांबवा. हा अर्थ यार्डात मला एकट्याला लागायचा आणि त्याचा मला फार गर्व होता.

१६०० ला त्यांच्या केबिनमध्ये चहा. ते त्यांच्या गावच्या पावसाबद्दल बोलत, पबमधल्या म्हाताऱ्यांबद्दल, रांगेत मध्ये घुसलेल्याला लोक काहीच न बोलता नुसतं खाकरून कसं मारतात त्याबद्दल. शारजात पाऊस वर्षातून चार दिवस, पण त्यांच्या गाडीत छत्री बारा महिने. त्यांचे वडील तरुणपणी शारजाच्या जुन्या विमानतळावर इंग्रजांच्या हवाई दलात होते.

"इथे असताना रोज शिव्या घातल्या," साहेब म्हणायचे, "आणि घरी गेल्यावर चाळीस वर्षं इथल्याच गोष्टी सांगितल्या."

"सर, आमच्याकडेही हेच असतं," मी म्हणायचो.

खोटं नव्हतं. आमच्या मेसमध्ये रविवारी ब्रेड पुडिंग असायचं. मला ते कधी गिळवलं नाही. इथे आल्यावर त्याची आठवण येऊन तोंडाला पाणी सुटायला लागलं. सुनीता पाहुण्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "इंग्रज जाताना सगळं घेऊन गेले, एवढं एक आपल्याला ठेवून गेले."

यार्डात वामन गोठणकर नावाचा टिग वेल्डर होता. गुहागरजवळच्या गावचा, वय चौतीस. हात सोन्याचा, तोंड बंद होत नसे. टाकीत उतरणाऱ्याला रेडिओ द्यावा लागतो. वामन त्यावर सगळ्या यार्डाला बातम्या द्यायचा. "सुभेदार, तुमचे साहेब छत्री घेऊन निघालेत. पाऊस घेऊनच येतायत वाटतं." मग पोरं हसायची. रेडिओवर शिस्त नाही म्हणून मी त्याचा दोनदा रिपोर्ट केला होता. त्यानंतर तो मला रेडिओवर 'जनरल साहेब' म्हणू लागला.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. अकरा तारखेला सकाळी अकरा वाजता इंग्रज लोक पहिल्या महायुद्धात मेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. साहेबांनी विचारलं, "सुभेदार, यार्डात जमेल? तुमचीही माणसं होती त्यात." आमच्या पलटणीच्या स्मारकावर त्या युद्धातली नावं आहेत. रिक्रूट असताना तो दगड मी पॉलिश केलाय. म्हणालो, "सर, असं करून दाखवतो की तुमच्याकडेही झालं नसेल."

चार दिवस तयारी केली. सुनीताने शाळेतला लाल कागद आणून पॉपीची फुलं कापली, इंग्रज त्या दिवशी छातीला लावतात ती. ऑर्डर मी लिहिली. १०५० ला सगळे टाक्यांबाहेर. १०५८ ला जनरेटर बंद, म्हणजे आवाजच नको. ११०० ला सायलेन्स. एकशेएकवीस माणसं, चाळीस-चाळीसच्या तीन रांगा, एक जादा मागे.

१०५४ ला मी गिनती घेतली. तिसऱ्या रांगेत एकोणचाळीस. शेवटची जागा पडलेल्या दातासारखी दिसत होती, आणि साहेब समोरच उभे राहणार होते.

टाकी नंबर सातच्या तोंडाशी इरफान बसला होता. इथे थोडं सांगावं लागेल. टिग वेल्डिंग करताना आत आर्गॉन गॅस सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. तो साचला की श्वास चालू राहतो, पण श्वासात हवा नसते. म्हणून बाहेरून ब्लोअर हवा फेकत असतो आणि तोंडाशी एक माणूस बसतो. त्याला होल वॉच म्हणतात. आतला बाहेर येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. हा नियम नवीन माणसांना मीच शिकवायचो, दर शनिवारी, ०६३० ला.

"इरफान, लाइन में आ."

"साहब, अंदर वामनभाई है. बोला जॉइंट पूरा करके निकलता हूँ, पाँच मिनट."

"निकलेगा. तू आ."

"साहब, मैं उठूँ कैसे?"

"मैं बोल रहा हूँ ना? यल्ला, चल."

तो आला. चाळीस झाले.

१०५८ ला मी हात वर केला आणि जनरेटर बंद झाला. सातचा ब्लोअर त्याच जनरेटरवर होता. हे मला माहीत होतं. रिपोर्टमध्ये मी हे लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितो. विचार असा केला की वामन पाच मिनिटांत बाहेर येईल, आणि नाही आला तरी प्रश्न चारच मिनिटांचा.

"ऑल स्टेशन्स, रेडिओ सायलेन्स. टू मिनिट्स. आउट."

एकशेवीस माणसं पुतळ्यासारखी. साहेबांनी डोळे मिटले. वीस सेकंद झाली असतील. माझ्या छातीवरचा रेडिओ बोलला.

"सुभेदार, ब्लोअर बंद पडलाय. बाहेर कोणी आहे का?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, झाली याची कॉमेंट्री सुरू. आज, आत्ता, साहेबांसमोर. बटण दाबलं.

"वामन, चॅनल सोड. सायलेन्स चालू आहे."

"अहो, पण माझं डोकं—"

"चॅनल सोड! ऑर्डर आहे."

त्याने सोडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं.

साहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्यांना मराठी येत नव्हतं. मी मान हलवली. ऑल ओके, सर. त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

उरलेला वेळ पूर्ण शांतता होती. इतकी शांत परेड मी फौजेतही पाहिली नाही. जेट्टीवर झेंड्याची दोरी खांबाला लागत होती, तेवढाच आवाज. माझी छाती फुगली होती, हेही लिहून ठेवतो.

११०२. साहेबांनी मोबाइलवर बिगुल लावला. मग माझ्याजवळ आले. "नॉट टू बॅड, सुभेदार. नॉट टू बॅड ॲट ऑल."

११०३ ला इरफान धावत सुटला. त्याची किंकाळी आली तेव्हा मी साहेबांना सॅल्यूट देत होतो.

वामन आतल्या शिडीच्या पायथ्याशी पडला होता. एक हात दुसऱ्या पायरीवर. इरफान आत उडी मारायला गेला. त्याची कॉलर धरून मी त्याला मागे ओढलं, नाहीतर दोन गेले असते. सकाळपासून मी केलेलं बरोबर काम एवढंच. श्वसनाचा सेट चढवून वामनला बाहेर काढलं ११०९ ला. अँब्युलन्स ११२१ ला. डॉक्टरांनी फार वेळ प्रयत्न केला नाही.

चौकशीत मला विचारलं, "रेडिओवर काय ऐकलं?"

म्हणालो, "कॉल आला होता. आवाज क्लिअर नव्हता."

इरफानला विचारलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याची नोकरी माझ्या रिपोर्टवर होती. म्हणाला, "क्लिअर नहीं था, साहब."

कॉलिन साहेबांनी बाहेर आल्यावर मला एकदाच विचारलं, "तो तुला काय म्हणाला?"

"समजलं नाही, सर."

 त्यांनी आत जाऊन जबाब दिला, "परेड माझी होती. हुकूम माझा होता." दिवसभर दाराला सॉरी म्हणणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी कोणालाही सॉरी म्हटलं नाही. त्यांची नोकरी गेली. केस संपेपर्यंत पासपोर्ट अडकला होता, मग घरी गेले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तू उत्तम सैनिक आहेस." हा माणूस कधीच 'उत्तम' म्हणत नसे. या वेळी अर्थ लावायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या रांगेत कोकणातली सहा पोरं होती. त्यांना मराठी येत होतं. ती आजही यार्डात आहेत. कोणाजवळ काही बोलली नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत.

पुढच्या सुट्टीत वामनची बॅग घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं. सासू आतल्या खोलीत होती. बॅग तशीच बंद ठेवून वहिनी समोर बसली.

"भाऊ, शेवटी काही बोलले का हो ते?"

"नाही, वहिनी. काही नाही."

"काहीच नाही?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "झोपेतसुद्धा बोलायचे हो ते. गप्प कसे राहतील?"

"त्या वेळी आम्ही सगळेच गप्प होतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मी आलो एवढ्या लांब, म्हणून तिने मला जेवायला वाढलं. मी जेवलो.

वामन गोठणकर. टिग वेल्डर, टाकी नंबर सात. त्याने दोन वेळा कॉल दिला. दोन्ही वेळा आवाज स्वच्छ होता.