कुलूपमामांच्या दाराची सुतळी

कुलूपमामांच्या घराला कुलूप नव्हतं. अर्ध्या नगर शहराची कुलपं उघडणारा, बसवणारा, दुरुस्त करणारा हा माणूस. सकाळी कामाला निघताना मामा दाराची कडी लावायचे, कडीतून हातभर सुतळी ओवायचे आणि तिला एक गाठ मारायचे. झालं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "कुत्रं आत जाऊ नये म्हनून हाय ती. मानसासाठी न्हाई." आणि सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधून निघून जायचे.

आमची पत्रेवस्ती नागापूरच्या एमआयडीसीला लागून आहे. तुम्ही ती बाहेरून पाहिली असली, तरी आत आला नसाल. तोंडालाच भंगाराचं दुकान, त्याच्या भिंतीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा रोवलेल्या. पुढे दोन मेलेले टेम्पो, चाकं नसलेले. गंजलेले पत्रे, त्यांवर दगड ठेवलेले. कट्ट्यावर हातावर गोंदवून घेतलेले दाढीवाले बाप्ये पत्ते कुटत बसलेले, आणि नळावर बायांची अशी भांडणं की नवख्या माणसाला वाटावं, आता एखादा मुडदा पडणार. रिक्षावाले आत यायचे नाहीत. "ताई, कोपऱ्यावर सोडतो," म्हणायचे आणि माझ्याकडे आरशातून बघायचे. शहरातले लोक आमच्या वस्तीला सरळ चोरवस्ती म्हणायचे. मी कॉलेजात सांगायची की माळीवाड्यात आत्याकडे राहते. मला आत्या नाही.

मामा मूळचे राहात्याकडचे. चार भावांत वाटण्या होऊन उरलेल्या तुकड्यात काही पिकेना, म्हणून इकडे कारखान्यात लागले. कारखाना बंद पडला तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली कुलपांचं काम शिकले. हायवेपलीकडे बंगल्यांची एक कॉलनी आहे, तिला आपण सुखनिवास म्हणू. तिच्या गेटजवळ लिंबाखाली मामांचं टेबल असायचं. टेबलावर कानस, पकड, चाव्यांचे जुडगे, आणि एक पाटी, 'येथे चावीवरून चावी करून मिळणार नाही.' धंद्याला बसलेला माणूस अशी पाटी लावतो का? मामा लावायचे. चावीवरून चावी करायला आलेल्याला म्हणायचे, "कुलूप आना. न्हाईतर मला दारापाशी न्या. ही चावी तुमचीच हाय हे मला काय ठावं?" निम्मी गिऱ्हाइकं चिडून जायची. मामा शांतपणे कानस पुसत बसायचे.

त्यांची दुसरी सवय म्हणजे फुटकी कुलपं साठवणं. कुठे घरफोडी झाली की नवं कुलूप बसवायला मामांनाच बोलवायचे, आणि तोडलेलं कुलूप मामा मागून घ्यायचे. आतल्या पट्ट्या दुसऱ्या कुलपाला लागतात म्हणून. घरी आणलं की त्यावर पांढऱ्या रंगानं जागेचं नाव लिहायचे आणि बिस्किटांच्या मोठ्या डब्यात टाकायचे. एकदा मी तो डबा उपसून बघितला. सुखनिवास, सुखनिवास, अमकं पार्क, तमकी सोसायटी, पुन्हा सुखनिवास. आमच्या वस्तीचं एकच निघालं. मी विचारलं, "मामा, हे कुणाकडं फोडलं?" तर म्हणाले, "सोनवण्याकडचं. चावी हरवली तर बाबानं सोताच घन घातला. बायको मागं उभी ऱ्हाऊन शिव्या घालत हुती."

आता वस्तीत चोऱ्या का होत नव्हत्या, तर आम्ही काही संत होतो म्हणून नव्हे. दारू होती, जुगार होता, डोकी फुटायची, पोलिसांची गाडी महिन्यातून दोनदा तरी यायची. पण कुणाच्या घरात शिरून काही उचललं असं होत नव्हतं. कारण शिरायला जागाच नव्हती, म्हणजे वेळ नव्हता. पहिल्या पाळीचा माणूस निघाला की तिसऱ्या पाळीचा यायचा. बाया उंबऱ्यात बसून लसूण सोलणार, धुणं धुणार, आणि गल्लीत शिरलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाला मोठ्यानं विचारणार, "कोन पायजे?" या प्रश्नाला नीट उत्तर दिल्याशिवाय आमच्या गल्लीत भिंतीवरची पालसुद्धा पुढे सरकत नसेल.

आणि आमची एक रीत होती. गावाला जायचं झालं की ओट्यावर घमेलं पालथं घालायचं आणि चार घरी सांगून यायचं, "चाललोय, लक्ष राहू द्या." पालथं घमेलं म्हणजे घरात कोणी नाही. शहाणी माणसं घर रिकामं असल्याचं लपवतात, बाहेरचा दिवा चालू ठेवून जातात. आमच्याकडे जाहीर करायचे. मामा म्हणायचे, "कॉलनीवाले भिंत उंच घेत्यात. बरं हाय की चोराला. येकदा आत उतरला की त्याला कोन बघतंय? आपल्या भिंतीवरनं शेजारच्या भाकरी दिसत्यात." मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मला हे सगळं गावंढळ वाटायचं आणि इथून कधी एकदा सुटते असं झालं होतं.

मग सुखनिवासमध्ये चोरी झाली, आणि ती नेमकी गौरीच्या घरी. गौरी माझी वर्गमैत्रीण. तिच्याकडे मी कितीदा जेवले होते. भर दुपारी घरात कोणी नसताना चोर दागिने घेऊन गेला. दार फोडलेलं नाही, कुलूप धड. चार महिन्यांपूर्वी ते कुलूप मामांनीच बसवलेलं. मामा कुठले, तर पत्रेवस्तीचे. झालं, एवढं पुरे होतं. गौरीचे बाबा कॉलनीच्या कमिटीचे प्रमुख. त्यांनी पोलिसांना सांगितलं, आणि मामांचं टेबल गेटजवळून हलवायचं ठरवलं. मामांना दोन दिवस चौकीत बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. कोणी मारलं नाही, तुटक बोलले तेवढंच. पण येणारा-जाणारा बघत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "पोरी, आमच्या धंद्यात हत्यारं गेली तर नवी घेता येत्यात. नाव गेलं तर मला कोन दारात उभं करील? सायबांना येक अर्ज लिहून दे." मी लिहायला बसले. त्यांचं नाव, वय, धंदा, आणि पुढे लिहिलं, 'राहणार नागापूर.' वाचून दाखवलं तर मामांनी बोट ठेवलं.

"नागापूर लई मोठं हाय. वस्तीचं नाव लिही."

"मामा, वस्तीचं नाव बघून ते आणखीच संशय घेतील."

"आता कशावरनं घेत्यात? वस्तीवरनंच ना? मग वस्तीवरच बोलू की. लपवायला आपन काय चोरी केली?"

माझं तोंड गरम झालं. दोन वर्षं मी तेवढंच करत होते, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. मी कागद फाडला आणि नवा घेतला. या वेळी 'पत्रेवस्ती' ठळक अक्षरात लिहिलं. मग मामा म्हणाले, "उद्या वाचायला तूच चल. माझी जीभ अडखळती सायबांपुढं." आता आली का पंचाईत. तिथे गौरीचे बाबा असणार होते. रात्री जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगावं, असा बेतही मी करून ठेवला होता. सकाळी मामा धुतलेला सदरा घालून, फुटक्या कुलपांचा डबा बगलेत धरून दारात उभे राहिले आणि तो बेत काही मला बोलता आला नाही.

चौकीत तरुण साहेब होते, समोर गौरीचे बाबा आणि कमिटीचे दोघे. मला बघून बाबा उठलेच. "अगं, तू इथं कशी? तू माळीवाड्यात आत्याकडे राहतेस ना?"

मी म्हणाले, "नाही काका. मी पत्रेवस्तीत राहते. लहानपणापासून. आत्याचं मी खोटं सांगितलं होतं." एवढं बोलून मी अर्ज वाचायला घेतला. आवाज कापत होता, पण वस्तीचं नाव आलं तिथे मुळीच कापला नाही. आजही ते आठवलं की मला बरं वाटतं.

साहेब मामांना म्हणाले, "कुलूप तू बसवलंस. जास्तीची चावी तुझ्याकडंच असणार."

मामांनी आधी डबा साहेबांच्या टेबलावर उपडा केला. कुलपांचा ढीग पडला. "वाचा सायेब, येकयेक. आमच्या वस्तीचं येकच हाय, आन ते मालकानंच फोडलेलं. आमी साधू न्हाई. आमच्यातले लोक भांडनाच्या केसमधी तुमच्याकडंच येत्यात. पर घरफोडी कुठं होती ते ह्या डब्याला इचारा." साहेबांनी तीन-चार कुलपं उलटून वाचली. मग मामा गौरीच्या बाबांकडे वळले. "आन सायेब, कुलपाबरुबर चाव्या तीन हुत्या. तिनी मी ह्यांच्या हातात दिल्या. येक ह्यांच्याकडं, येक ह्यांच्या घरच्या बाईंकडं. तिसरी कुठं असती तेवढं इचारा."

गौरीचे बाबा खाली बघायला लागले. मग म्हणाले, "कामाच्या बाईंसाठी बाहेर ठेवतो. चपलांच्या कपाटात, जुन्या बुटात."

"शेजारी का न्हाई देत?"

"शेजाऱ्यांशी तेवढी ओळख नाही."

"किती वरसं झाली ऱ्हायला?"

"नऊ."

मामांनी पुढे ताणलं नाही. ते खाली वाकून कुलपं परत डब्यात भरू लागले. साहेबही दोन-चार उचलून त्यांच्या हातात देत होते. निघताना साहेब म्हणाले, "मामा, तुम्ही जा. लागलं तर मी फोन करीन." 'तू'चं 'तुम्ही' झालेलं मी ऐकलं.

महिनाभरानं चोर दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्याच चोरीत सापडला आणि त्यानं हीसुद्धा कबूल केली. दार त्या जुन्या बुटातल्या चावीनंच उघडलं होतं. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर पार्सलवाल्यांसारखी पिशवी. कॉलनीच्या कॅमेऱ्यात तो नीट दिसत होता. आधी कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं एवढंच. गेटवरच्या वॉचमननं त्याला नावही विचारलं नव्हतं. त्याच वॉचमनच्या वहीत मामांचं नाव मात्र रोज होतं. पाणी प्यायला आत गेले तरी वेळ टाकून लिहिलेलं.

त्यानंतर गौरीचे बाबा वस्तीत आले. गाडी कोपऱ्यावर लावून चालत आले. "कोन पायजे?" या प्रश्नाला पाच ठिकाणी उत्तर देत मामांच्या दारापर्यंत पोचले. हात जोडून म्हणाले, "चुकलं आमचं." टेबल परत लिंबाखाली लावा, असंही सांगितलं. मामांनी चहा टाकला. बाबांनी विचारलं, "आता कुठलं कुलूप घेऊ? चांगल्यातलं चांगलं सांगा." मामा म्हणाले, "कुलूप मी इकीन तुमाला, धंदाच हाय माझा. पर आधी शेजाऱ्याकडं च्या प्यायला जाऊन या." मला हसू आवरेना. नंतर गौरीनं सांगितलं की बाबा खरंच गेले होते, बिस्किटांचा पुडा घेऊन.

पुढे मी संगमनेरच्या एका कॉलेजात शिकवायच्या नोकरीला लागले. अर्जावर कायमचा पत्ता लिहिला, 'पत्रेवस्ती, नागापूर.' मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकानं भुवई उचलली. म्हटलं, उचलू दे. इथे मी फ्लॅटमध्ये राहते. गावाला निघाले की मजल्यावरच्या तिन्ही दारांची बेल वाजवून सांगते, "चाललेय, लक्ष राहू द्या." पहिल्या वर्षी त्यांना मी खुळी वाटले असणार. आता तेही मला सांगून जातात.

मामांच्या डोळ्यांनी शेवटी दगा दिला. चावीचे दाते दिसेनात तसं काम थांबलं, आणि लेक त्यांना राहात्याला घेऊन गेली. निघताना मामांनी कडीला सुतळी बांधली, ओट्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि काठी टेकत घरोघर सांगून आले. मी नेमकी सुट्टीला आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तरीनबाई, लक्ष राहू द्या." मी म्हणाले, "मामा, लवकर या." ते काही परत आले नाहीत. अकरा महिन्यांनी राहात्यालाच वारले.

तेराव्यानंतर लेक त्यांची हत्यारं न्यायला आली तेव्हा मी मुद्दाम गेले. घमेलं होतं तिथंच होतं. भंगाराच्या दुकानापासून वीस पावलांवर, चांगलं दोन-अडीच किलोचं लोखंड. पावसानं गंजलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. तिच्याबरोबर आलेल्या जावयानं आम्हाला विचारलं, "किल्ली कुणाकडंय?" सोनवण्यांची बायको डोळ्याला पदर लावून म्हणाली, "किल्ली न्हाई वो जावईबापू. सुतळी हाय."

मी पुढे झाले. सुतळी उन्हापावसानं कडक झाली होती, गाठ सुटता सुटेना. कोणीतरी कात्री आणायला धावलं, मी नको म्हटलं. नखं दुखेपर्यंत एकेक पदर सोडवत राहिले. मामा ती गाठ नेहमी डाव्या हातानं मारायचे, तिचा फास उलटा बसायचा. गाठ त्यांचीच होती.