हंडे वाहायची सवय

एम.ए.ला आम्हाला एक अमेरिकन कादंबरी होती. गरीब म्हणून डावललेला एक माणूस अफाट पैसा मिळवतो, जुन्या प्रेमासाठी बंगला उभा करतो आणि ती बाई त्याच्या मयतालाही येत नाही. परीक्षेत मी त्या बाईची अशी सालटी काढली की वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मलाच पडले. पुस्तक माझं नव्हतं. माझ्याच वर्गातल्या, सोयगावकडच्या एका खेड्यातून आलेल्या मुलानं ते औरंगपुऱ्यात जुनं घेतलं होतं. आम्ही ते आळीपाळीनं वाचलं आणि मधल्या वेळात लग्न ठरवून टाकलं.

तो मागणी घालायला एकटाच आला. बाबांनी जन्मभर कारकुनी केलेली. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव. आईनं चहा दिला आणि नंतर त्याचा कप वेगळा घासला.

"तुमच्याकडे पाण्याचे फार हाल," बाबा म्हणाले. "आमच्या मुलीला हंडे वाहायची सवय नाही."

खरं कारण आडनावात होतं. आडनावावरून जात कळली आणि विषय संपला. आमच्यात नकार असाच देतात, गोड बोलून, दुसऱ्याच कशावर तरी ढकलून. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. त्याला मात्र पाण्याचंच खरं वाटलं. मी दारात मिठाची गुळणी धरून उभी होते. पुढं घरच्यांनी इंजिनिअर पाहिला, मी बोहल्यावर चढले. कॉलेजात लागले आणि तीच कादंबरी शिकवू लागले.

शहर हर्सूलच्याही पुढं सरकलं. शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर घरं झाली आणि नळाला पाणी येईना. सोयगावकडच्या त्या मुलानं तिथंच बोअर मारली, तिला पाणी लागलं. आधी एक टँकर घेतला, मग दहा. दुष्काळानं माणसं देशोधडीला लावली, याला तेवढं वर काढलं. बंगला बांधून झाल्यावर त्यानं मला गृहप्रवेशाला बोलावलं.

"जाऊन ये," नवरा म्हणाला. "आणि आपल्या सोसायटीच्या पाण्याचं बघ."

बुद्धवंदना झाली, खीर वाटली. मग त्यानं मला घर दाखवलं. घर कसलं, नळच दाखवले. स्वयंपाकघरात, न्हाणीत, गच्चीवर, जाईल तिथं नळ सोडायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा.

"बघ, चोवीस तास पाणी. घरात एक हंडा नाय. आता तुझे बाबा काय म्हणले असते?"

बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आता कुणाची भीती नव्हती. निदान आता तरी त्याला खरं सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं.

"आमच्याकडं चार दिवस पाणी नाही रे," मी म्हणाले. "एखादा टँकर पाठवशील?"

त्यानं नळ बंद केला. "व्हय, पाठवतो की," म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडं पाहिलं नाही. मला माझीच किळस आली. पण ती फार टिकली नाही, कारण दुसऱ्या दिवशी टँकर आला.

मग तो उन्हाळाभर एक दिवसाआड येत राहिला. सोसायटीत माझा भाव वधारला. ज्यांनी टँकरच्या मालकाला घरात घेतलं नसतं, त्या बायाही कळश्या घेऊन रांगेत पुढं. नवरा म्हणायचा, "ओळख कामाला आली."

मे महिन्यात एका सकाळी ड्रायव्हर पाइप सोडता सोडता म्हणाला, "मॅडम, आज जरा घाई हाय. सायेब काल गेले. हार्ट अटॅक. पण तुमचा टँकर चुकवायचा नाय, असं त्यांनी सांगून ठेवलं व्हतं. हा देतो आन मातीला जातो. गाडीत जागा हाय, चलता का?"

"मला कॉलेज आहे," मी म्हणाले.

कॉलेजला सुट्टी लागून आठवडा झाला होता. मी पदर खोचला, पाइप हातात घेतला आणि आधी आमची टाकी भरून घेतली.