पाठीमागचा गोंधळ

घरच्या भिंतीवर फळा टांगलाय आणि समोर डब्यांवर डबे रचून मोबाईल उभा केलाय. माझा चौथीचा वर्ग आता असाच भरतो. आज भागाकार लिहायला फळ्याकडे वळले आणि सवयीने ओरडले, “गप्प बसा रे!” मागे पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. माइक बंद ठेवायला मीच तर सांगितलं होतं.

माझी पाठ वळली की उठणाऱ्या त्या कुजबुजीचा केवढा राग यायचा! पण गणित कुणाला कळलंय, कोण कंटाळलंय, हे मला तिच्यावरूनच समजायचं. आता पाठ फिरवली काय नि न फिरवली काय, सारखंच.

न राहवून म्हटलं, “माइक चालू करा सगळे. थोडा गोंधळ घाला बरं.”

एकेक करून माइक चालू झाले. मग वर्गातली सगळ्यात वात्रट पोरगी हळूच म्हणाली, “बाई, एकटीनं कसा घालायचा?”