डेल्फाची हलकी काडतुसं

आमच्या मोंटानाच्या खोऱ्यात काडतुसं भरण्यात ऑरिन ट्वाइटचा हात धरणारा कोणी नाही, आणि हट्टीपणातही नाही. बंदुकीच्या दारूचा एकच डबा बाकावर, दुसरा उघडायचा तर पहिला आधी कपाटात, अशी त्याची शिस्त. दोन दारूंची गल्लत झाली तर बोटं तरी जायची, नाहीतर डोळा.

त्याची बायको डेल्फा डावखुरी. डाव्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर ती त्याला म्हणाली, "मला हलकी भरून दे ना. हरणापेक्षा मलाच जास्त लागतं." झटकन जळणारी दारू बेतानं भरली की बार उडताना खांद्याला धक्का कमी बसतो, फक्त गोळी तितकी लांब जात नाही. ऑरिन "बरं" म्हणाला. खोक्यावर लिहिलं, 'डेल्फा, हलकी'. तरी दर नोव्हेंबरला ती शिकारीवरून खांदा धरूनच यायची.

"मनाचे खेळ गं तुझे," हा म्हणायचा. शेवटी तिनं बंदूक सोडली. गेल्या मार्चमध्ये ती वारली.

नोव्हेंबर लागला तसं ऑरिननं मला, त्याच्या जुन्या मित्राला, बोलावलं आणि शर्ट काढला. डाव्या खांद्यावर काळानिळा डाग, बरोबर बंदुकीच्या दस्त्याएवढा.

"मर्ल, मी उजव्या हाताचा. आणि यंदा बंदुकीला हातसुद्धा लावलेला नाही. रोज सकाळी हा ताजा असतो. काहीतरी कर बाबा, झोप उडालीय माझी."

मी बोट लावलं. कातडी बर्फासारखी गार.

डावा खांदा म्हटल्यावर मला डेल्फाच आठवली. तिच्या खोक्यात काडतुसं उरली होती. एक फोडून मी आतली दारू तराजूवर ओतली. सावकाश जळणारी, गळ्यापर्यंत भरलेली.

"अरे, ही तर तुझीच लांब पल्ल्याची! फसवलंस तिला?"

"हरीण लांब असतं रे. वाटलं, तिला काय कळतंय."

"चिरलेल्या खांद्याला कळत नाही होय? गाढवा!" माझा तोल सुटला.

तो बाकाशी बसला आणि खरी हलकी भरली. रानात जाऊन तिच्याच बंदुकीनं, डाव्या खांद्याला लावून पाच गोळ्या मारल्या. "किती सोपं होतं," एवढंच बोलला.

आठवड्यानं गेलो तर डाग पिवळा पडून विरत आलेला.

"सुटलास!" मी म्हणालो.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "रोज सकाळी विचारतो, डेल्फा, लागलं का गं? आता ती काहीच सांगत नाही."