मुद्देमालात अडकलेला दावा

त्या प्रकरणाबद्दल लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. आठवलं की आजही डोकं तापतं.

मी तेव्हा आमगावकडच्या एका पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. एक विमा कंपनी बुडाली होती. न्यायालयाने नेमलेला अवसायक, म्हणजे कंपनी गुंडाळणारा अधिकारी, लोकांचे दावे मागवत होता. एके दिवशी झेरॉक्सवाल्याचा फोन आला.

"साहेब, एक जण रोज पॉलिश्या घेऊन येऊन राहिला. लोकायले झेरॉक्स देते, ओरिजिनल सोताच ठेवते."

त्या माणसाला आणलं. तो बसल्या बसल्या हसला. "मी तं सेवा करून राहिलो, साहेब. लोकायले फारम भरता येत नाही."

त्याने दाखवलेल्या कागदांवर दाव्याचा हक्क त्याच्या नावे केलेला होता, खाली अंगठे. त्यातला एक अंगठा नागझिरा अभयारण्यातल्या एका गाईडच्या विधवेचा. नवरा सफारीची जिप्सी उलटून गेलेला, मुलगी नर्सिंगला. फी त्या दाव्यावरच अवलंबून. बाईला बोलावलं. तिने कागद पाहिला आणि माझाच पेन घेऊन शेजारच्या कोऱ्या कागदावर सही केली.

"मी चवथी शिकली हाव. अंगठा कायले देऊ?"

तो गडी तिथेच ढेपाळला. त्याच्या घरी धानाच्या कोठीत चाळीसेक मूळ पॉलिसी सापडल्या. पंचनामा केला, यादी माझ्या हाताने लिहिली, सगळं सीलबंद करून मुद्देमालात जमा. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

बाई तिची पॉलिसी मागायला दोनदा आली. दोन्ही वेळा मी म्हणालो, "बाई, कागद सुरक्षित आहेत. तपास चालू आहे, थांबा."

तिसऱ्यांदा ती दारातूनच बोलली.

"चोराच्या घरून एका दिवसात कागद काढले, साहेब. तुमच्या घरून काऊन नाही निघून राहिले?"

मी चिडून यादी काढली. अनुक्रमांक सात : छापील नोटीस, एक. अक्षर माझं. फाइलमधली तिची प्रत काढून वाचली. ती अवसायकाची नोटीस होती आणि तिच्यात दाव्याची शेवटची तारीख होती. मी ती मोजली होती, वाचली नव्हती. तारीख चार दिवसांपूर्वी उलटली होती.

मग धावपळ. न्यायालयाचा आदेश घेतला, कागद सोडवले, सगळ्यांचे दावे पाठवले. अवसायकाचं उत्तर आलं : उशिरा आलेल्यांना, वेळेत आलेल्यांचं देऊन उरलं तर मिळेल. उरलं नाही. ठाण्यातून अवसायकाला एक पत्र आधी गेलं असतं, तर तिचा दावा वेळेत लागला असता. त्या चोराला शिक्षा झाली. माझ्या चुकीला कलम नाही.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मीच. शिकलेल्या माणसाने समोरचा कागद वाचू नये, याची चीड आजही जात नाही. त्या मुलीचं नर्सिंग सुटलं. ती आता कापडाच्या दुकानात बसते. मला पाहून "या साहेब" म्हणते. तिला राग नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत सही करण्याआधी पंचनाम्यातला प्रत्येक कागद मी वाचत आलो. हवालदार कंटाळून घड्याळ पाहायचे. मी म्हणायचो, बसा.